अधिकाचा रकाना

त्या वर्षी आषाढ अधिक होता. तांदूळ तीन दिवस भिजवून, सावलीत वाळवून, कुटून, गुळात मळलेलं अनारशाचं पीठ डब्यात मुरलं होतं आणि त्या शनिवारी सकाळी मी पहिला घाणा काढायला बसले होते. पाऊस असून नसल्यासारखा. वाईच्या मधल्या आळीतल्या आमच्या घराच्या पन्हाळीतून एखादाच थेंब ओघळायचा आणि थांबायचा. तारीख होती ४ जुलै २०१५. दाराची कडी वाजली.

दारात शाळेतल्या एक बाई उभ्या होत्या. एका हातात मिटलेली छत्री, दुसऱ्या हातात क्लिप लावलेल्या पुठ्ठ्यावर तक्त्यांचा गठ्ठा. शाळाबाह्य मुलांची मोजणी त्या एका दिवसात साऱ्या राज्यात व्हायची होती. घरोघर, एसटी स्टँडवर, वीटभट्ट्यांवर, पालांवर माणसं फिरत होती. ज्या मुलाची नोंद झाली त्याच्या बोटाला शाई लावायची, म्हणजे तेच मूल दोनदा मोजलं जाणार नाही.

"सहा ते चौदामधलं कुणी आहे का घरात?"

"मुलगी आहे. सात वर्षांची."

"शाळा कुठली?"

मी कढईखालचा गॅस बारीक केला. हा प्रश्न कधीतरी येणार हे मला ठाऊक होतं, तरी उत्तर घशात अडकलं. "घरीच शिकते," मी म्हटलं.

"आजारी असते का?"

"नाही."

"शाळा लांब पडते?"

"नाही हो. ही काय, गल्लीच्या टोकाला तर आहे."

बाई तक्त्यावर पेन फिरवत राहिल्या. वरून खाली, खालून वर. "कधीच दाखल न झालेली असं लिहावं लागेल, ताई. म्हणजे शाळाबाह्य. मला दुसरा रकानाच नाही."

एवढ्यात लेक आतून आली आणि बाईंच्या समोर उभी राहिली. पुठ्ठ्यावरचं शीर्षक तिला उलटं दिसत होतं. तिनं ते तसंच, उलट्या बाजूनं वाचायला घेतलं. "स... स... स..." ती अडखळली. माझा हात आपोआप पुढे झाला. तिचा शब्द मी पुरा करायचे, ती माझी जुनी खोड. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या नुसत्या थांबल्या. पेन थांबवून, मान किंचित कलती करून, जणू त्यांना दुसरं काही कामच नव्हतं. "सर्वेक्षण," लेक म्हणाली.

बाईंनी तिचं बोट हातात घेतलं, शाईचा ठिपका लावला आणि पदरानं नव्हे तर फुंकरीनं वाळवला. मग मी पुढे केलेला अनारसा त्यांनी अर्धा मोडून अर्धा लेकीला दिला. जाताना तक्ता पिशवीत घालता घालता म्हणाल्या, "सध्या जे लिहायला सांगितलंय ते लिहिते. पण मी परत येईन हं."

लेक दिवसभर ते बोट वर धरून फिरली. मत देऊन आलेल्या बायकांसारखी मिरवत होती. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. सरकारनं माझ्या मुलीला मोजलं होतं. आणि मोजून तिला बाहेर ठेवलं होतं.

---

शाळेवर राग होता म्हणून आम्ही तिला घरी ठेवलं, असं नाही. माझी आई शिक्षिका होती. खडू, डस्टर, तपासायच्या वह्यांचा गठ्ठा यांच्या वासात मी वाढले. पण लेक अडखळत बोलायची, आणि एका बालवाडीत तिच्या अडखळण्याला थांबायला कुणाला सवड नव्हती. चाळीस मुलं, एक ताई. त्या ताईंनाही मी बोल लावत नाही. कविता म्हणायची पाळी आली की लेकीचा पहिला शब्द फुटायच्या आत दुसरं मूल उभं केलं जायचं. तीन महिन्यांत ती तिथं बोलायचीच बंद झाली. पुढे घरीही कमी बोलू लागली. तेव्हा आम्ही दोघांनी ठरवलं, एक वर्ष घरी. त्या वर्षाचं दुसरं वर्ष झालं, आणि दुसऱ्याचं तिसरं.

यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या जळालेल्या पाणबुडी मोटरी येतात. जुनी काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी तांब्याची तार भरायची, वार्निश करायचं. लेक पाढे तिथं शिकली. चोवीस खाचांचा गाभा, दर खाचेत अमुक वेढे, तर एकूण वेढे किती? एक वेढा चुकला तर मोटर गरम होते, आणि चूक कुणी लाल पेनानं दाखवत नाही, हाताला चटका बसतो. वाचन तिला आजीनं शिकवलं, निवडलेल्या तांदळाच्या ताटावर बोटानं अक्षरं गिरवून. पावसाळ्यात आम्ही ढोल्या गणपतीच्या मागे जाऊन उभे राहायचो. देवळाची मागची भिंत माशाच्या तोंडासारखी निमुळती बांधलेली आहे, कृष्णेचा पूर तिच्यावर आला की दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जातो. पाण्याशी भांडायचं नसतं, त्याला वाट करून द्यायची असते, हे तिला त्या भिंतीनं सांगितलं.

अशी मुलं आपल्याकडे थोडी नाहीत. पुण्या-मुंबईत आहेत, कोकणात आहेत, गोव्यात आहेत. त्यांचे आईबाप एकमेकांना शोधत शोधत भेटतात. पहिल्याच भेटीत कुणीतरी हळू आवाजात विचारतं, "तुमच्याकडे कुणी आलं होतं का हो?" त्या हळू आवाजाला एक कारण आहे.

---

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तेव्हा लेक दोन वर्षांची होती. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण. ही सक्ती मुख्यतः सरकारवर आहे. शाळा काढायची, शिक्षक द्यायचे, मूल दाखल होऊन टिकेल हे बघायचं. पण दहाव्या कलमात पालकांचंही कर्तव्य सांगितलेलं आहे. मूल शेजारच्या शाळेत दाखल करणं. न केल्यास त्या कायद्यात आईबापांना शिक्षा नाही. गंमत म्हणजे राज्यघटनेत, २००२ च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीनं नागरिकांच्या कर्तव्यांत जे कलम आलं, त्यात पालकानं मुलाला शिक्षणाची संधी द्यावी एवढंच म्हटलं आहे. घटना शिक्षण म्हणते, कायदा शाळा म्हणतो. या दोन शब्दांमधल्या बोळात आम्ही राहतो.

घर हा शब्द कायद्यात अजिबात नाही असंही नाही. २०१२ च्या दुरुस्तीनं तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा हक्क दिला. त्याच दुरुस्तीनं वैदिक पाठशाळा आणि मदरसे कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले. वाईत राहणाऱ्याला पाठशाळा काही नवी नाही. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघालेले आणि वाटेत सुरतेला उतरून काशीला गेलेले विनोबा, त्याआधी आपली प्रमाणपत्रं आईसमोर चुलीत घालून आलेले विनोबा, पुढच्याच वर्षी इथल्या प्राज्ञपाठशाळेत शिकायला राहिले होते. मराठी विश्वकोशाचं काम ज्यांनी याच गावात उभं केलं ते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशीही त्याच पाठशाळेचे विद्यार्थी. तेव्हा शिकण्याच्या वाटा एकाहून अधिक असतात हे या गावाला कुणी समजावून सांगायला नको. कायद्यालाही ते कळलं, पण ठरावीक दारांपुरतं. ओट्याशी उभी राहून चोवीस खाचांचा हिशेब मांडणारी आई आणि तिची धडधाकट, जरा अडखळत बोलणारी मुलगी त्याला अजून दिसलेली नाही.

दिल्लीत एका किशोरवयीन मुलीनं आणि तिच्यासारख्या इतरांनी उच्च न्यायालयात हाच प्रश्न विचारला. आम्ही घरी शिकतो, आमचं स्थान काय? २०१२ मध्ये केंद्र सरकारनं आधी प्रतिज्ञापत्रात सांगितलं की स्वेच्छेनं घरी शिकवणाऱ्यांच्या आड हा कायदा येत नाही. ती बातमी मी यांना दुकानात जाऊन वाचून दाखवली होती. हातात तारेचं रीळ धरून हे म्हणाले, "चला, झालं." पण झालं नव्हतं. पुढे सरकारनं ते म्हणणं मागे घेतलं. दिलेला शब्द मागे घेता येतो हे मला माहीत होतं. पण ती जी काही आठवड्यांची उसंत मिळाली होती, तिच्यात मी किती मोकळा श्वास घेतला होता, हे मला तो शब्द गेल्यावर कळलं.

---

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी पुण्यात एका घराच्या गच्चीवर आम्ही वीसेक पालक जमलो होतो. मुलं खाली अंगणात विटांचा किल्ला करत होती. वर दोन तट पडले.

एका तटाचं म्हणणं, गप्प राहा. कायदा बोलत नाही ही आपली सावली आहे. विचारायला गेलात तर सरकार नियम करील, नियमाबरोबर तपासनीस येईल, तपासनिसाबरोबर परीक्षा, आणि परीक्षेबरोबर तीच शाळा मागच्या दारानं घरात येईल. जर्मनीत बघा, तिथं घरी शिकवायला बंदीच आहे, युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानंही २०१९ मध्ये तिथल्या सरकारच्याच बाजूनं निकाल दिला. फ्रान्समध्ये आधी नुसतं कळवलं की पुरायचं, २०२१ च्या कायद्यानं परवानगी मागावी लागते.

दुसऱ्या तटाचं म्हणणं, बोला. उद्या मुलीचं दहावीचं वय होईल. सतरा नंबरचा फॉर्म भरायला जाल तेव्हा खिडकीत पहिला कागद मागतील तो शाळा सोडल्याचा दाखला. जी शाळेत गेलीच नाही तिनं सोडल्याचा दाखला कुठून आणायचा?

हे बोलणं चाललं असताना माझी मामेबहीण मला आठवत होती. ती इंग्लंडात राहते, तिचा मुलगा दोन वर्षं घरी शिकला. तिच्याकडून ऐकलेली एक गोष्ट मी त्या दिवशी गच्चीवर सांगितली. तिथल्या १९४४ च्या शिक्षण कायद्यात पालकांचं कर्तव्य सांगताना म्हटलं होतं की मुलाला योग्य शिक्षण मिळालं पाहिजे, शाळेत जाऊन किंवा अन्यथा. बस्स, एक शब्द. अन्यथा. त्या एका शब्दाच्या आधारानं तिथले लोक उभे राहिले, आणि १९७७ साली घरी शिकवणाऱ्या पालकांनी संघटना काढली तेव्हा तिच्या नावातच तो शब्द घातला. आपल्याला कुणाशी भांडायचं नाही, मी म्हणाले, आपल्याला एका शब्दाची जागा हवी आहे.

टाळ्या पडल्या. मला बरं वाटलं. पण त्या टाळ्यांत मी जे बोलले नाही ते घरी येताना खंबाटकी घाटात माझ्या मनात वर आलं. ते माझ्या आजोबांचं होतं.

---

माझे आजोबा कोल्हापूर संस्थानातल्या एका खेड्यातले. १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. जो बाप मुलाला शाळेत धाडणार नाही त्याला महिना एक रुपया दंड. आजोबा तेव्हा सहा वर्षांचे, म्हशीमागं जाणारे. त्यांच्या वडिलांना शिक्षणाचं कौतुक नव्हतं, पण महिन्याचा रुपया परवडणारा नव्हता. म्हणून पोरगं म्हशीमागून काढून शाळेत बसवलं. आजोबा पुढे तलाठी झाले, त्यांनी आईला शिकवलं, आईनं मला. म्हातारपणी ते ओसरीवर बसून सांगायचे, "मला बापानं न्हाई शिकिवलं. म्हाराजांच्या दंडाच्या रुपायानं शिकिवलं."

सक्ती हा शब्द उच्चारला की माझ्या तोंडाला कडवट चव येते. पण आजोबांच्या तोंडून तो किती गोड यायचा! आणि तो काही त्यांचा एकट्याचा नव्हता. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे लेखी मागणी केली होती, निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. ज्यांच्या पोरांना गुरं, शेण, मोळी आणि पाटलाची वेठ यांच्यातून सवड नव्हती, त्यांच्यासाठी ती मागणी होती. आमच्या वाईहून फार दूर नाही ते नायगाव. तिथं जन्मलेल्या सावित्रीबाईंना पहिली अक्षरं जोतीरावांनी घरीच शिकवली. घराखेरीज दुसरी जागाच नव्हती त्यांना. त्या घरी शिकल्या, आणि शिकून त्यांनी केलं काय? शाळा उघडली. कारण ज्या घरात जोतीराव नाहीत त्या घरातल्या मुलीचं काय, हे त्यांना माहीत होतं.

घर म्हटलं की मला माझं घर दिसतं. आजीचं तांदळाचं ताट, यांची तांब्याची तार. पण घर म्हणजे भुईंजच्या कारखान्याच्या वाटेवर हिवाळ्यात उभी राहणारी ऊसतोड्यांची कोपीसुद्धा. पाचटाची, वाकून आत जावं लागेल अशी. आईबाप पहाटे फडात जातात आणि आठ वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन चूल राखते. त्या मुलीचा बापही दारात आलेल्या बाईंना सांगू शकतो, "घरीच शिकते." तक्त्यावरचे शब्द माझ्या आणि त्याच्या तोंडून सारखेच उमटतील. ते दोन्ही सारखे नाहीत हे कोण ठरवणार? कुणीतरी वाकून आत आल्याशिवाय ते कळायचं कसं?

आणि जिथं अन्यथा हा शब्द आहे तिथंही सगळं निभावलेलं नाही. २०२३ मध्ये इंग्लंडात वोकिंग गावी दहा वर्षांच्या एका मुलीला घरच्यांनी, घरी शिकवतो असं सांगून, शाळेतून काढलं आणि काही महिन्यांत तिच्या बापानं आणि सावत्र आईनं तिला मारून टाकलं. शाळेत असताना तिच्या अंगावरचे वळ शिक्षकांना दिसले होते. घरी नेल्यावर रोज बघणारं कुणी राहिलं नाही. तिथं २०२४ च्या डिसेंबरात जे विधेयक मांडलं गेलं त्यात शाळेत नसलेल्या मुलांची नोंदवही ठेवण्याची तरतूद आहे. मामेबहिणीच्या ओळखीचे कितीतरी पालक त्याविरुद्ध पत्रं लिहीत होते. तिनं फोनवर विचारलं, "तू असतीस तर सही केली असतीस का गं?" मी खूप वेळ काही बोलले नाही. मग म्हटलं, "नाही."

---

बाई परत आल्या होत्या. मोजणीनंतर महिन्याभरात, आणि मग दर वर्षी दोनदा. त्यांना कुणी पाठवलेलं नव्हतं. चपला काढून त्या आत यायच्या, पाणी प्यायच्या, लेकीला जवळ बसवायच्या. "काय वाचतीयेस?" असं विचारून वही उलगडायच्या. चूक दिसली तर बोट ठेवायच्या, खूण करायच्या नाहीत. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "ताई, तुम्ही जरा आत जाता का? मला हिच्याशी दोन शब्द बोलायचेत."

माझ्या अंगाची आग झाली. माझ्याच घरात, माझ्याच मुलीशी, मला बाहेर काढून! मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. रात्री लेकीला विचारलं, काय विचारलं गं बाईंनी? ती म्हणाली, "तुला इथं ब... बरं वाटतं का, आणि शाळेत यावंसं वाटलं तर मला सांगशील का." हा प्रश्न मी तिला चार वर्षांत एकदाही विचारला नव्हता. मी तिच्यासाठी सगळं ठरवलं होतं, प्रेमानं ठरवलं होतं, पण तिला विचारलं नव्हतं. वोकिंगची ती मुलगी मला पुढे कळली तेव्हा माझ्या आपटलेल्या भांड्यांचा आवाज माझ्याच कानात पुन्हा वाजला.

२०१८ च्या अधिक ज्येष्ठात बाई आल्या तेव्हा लेक दहा वर्षांची होती. भिंतीवरच्या कालनिर्णयापुढे तिचं काहीतरी चाललं होतं. "बाई, हा महिना दोनदा का येतो?" बाईंनी उत्तर दिलं नाही. म्हणाल्या, "चंद्राचं वर्ष तीनशे चौपन्न दिवसांचं, सूर्याचं तीनशे पासष्ट. शेंगदाणे आण." लेकीनं ओटीत शेंगदाणे आणले. एका वर्षाला चंद्र मागे राहतो ते अकरा दिवस, अकरा दाणे बाजूला. दुसऱ्या वर्षाचे अकरा. बावीस झाले. तिसऱ्या वर्षाचे ती एकेक करून मोजू लागली, आणि तिसाव्या दाण्याशी तिचा हात थांबला. "ए... एक महिना साठला!" "मग साठलेल्याचं काय करायचं?" "टाकून तर नाही देता येत." "नाहीच देता येत. म्हणून पंचांगानं त्याला जागा केली. नाव त्याच्याच शेजारच्याचं दिलं, पुढे अधिक लावलं."

मी दाराशी उभी होते, या वेळी मला आत जायला सांगितलं नव्हतं. हिशेबात बसत नाही म्हणून पंचांगानं चंद्राला खोटं ठरवलं नाही, आणि सूर्याचं गणितही मोडलं नाही. साठलेल्या दिवसांना एक नाव दिलं. आम्ही पालकांनी मंत्रालयाला धाडलेल्या साऱ्या निवेदनांत मागितलेलं मला त्या शेंगदाण्यांत दिसलं. शाळेचा रकाना राहू दे, सक्ती राहू दे, शाहू महाराजांचा रुपया राहू दे. शाळाबाह्यही राहू दे, कारण कोपीतल्या मुलीला तो शब्द शोधून काढतो. फक्त त्याच्या शेजारी एक अधिक रकाना हवा. पालकानं आपणहून कळवावं, वर्षातून दोनदा ओळखीच्या शाळेतल्या कुणी घरी यावं, वही बघावी, मुलाशी एकट्यानं बोलावं, आणि मूल म्हणेल त्या दिवशी शाळेचं दार उघडं असावं. ते दार आजही उघडं आहे. वयाला साजेशा वर्गात कोणत्याही मुलाला बसवून घ्या असं हाच कायदा सांगतो.

गच्चीवरच्या पहिल्या तटातले माझे स्नेही यावर रागावतात. "आज बाई आहेत, उद्या दंडुका येईल," म्हणतात. त्यांची भीती खोटी नाही. नियम कागदावर येतो तेव्हा त्याच्याबरोबर बाईंची फुंकर येत नाही. पण बाई आज नियमाशिवाय येतात तेही फक्त माझ्याकडे येतात, कारण त्या दिवशी मधली आळी त्यांच्या वाट्याला आली होती. बाकीच्यांचं काय?

---

मग २०२० चा अधिक आश्विन आला, तेव्हा राज्यातली सगळीच मुलं घरी होती. माझ्या ओळखीच्या आया फोन करून विचारायच्या, दिवसभर पोरांचं करतेस तरी काय गं तू? मला त्या प्रश्नात विजय वाटला नाही. बाई त्या महिन्यात तोंडाला रुमाल बांधून आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. वर्गातल्या पस्तीसपैकी अकरा मुलांच्या घरी मोठा फोन होता, म्हणाल्या. बाकीच्यांकडे त्या चालत जात होत्या. "तुमची शिकतीये, ताई. माझी मात्र हातातून चाललीत." त्या दिवशी अनारसे केले नव्हते. मी त्यांच्या पिशवीत शेंगदाण्याची पुडी घातली.

२०२३ च्या अधिक श्रावणात लेक पंधरा वर्षांची होती. सतरा नंबरच्या फॉर्मचा नाद आम्ही सोडला होता. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या दहावीचा अर्ज ती स्वतः भरत बसली. तिथं आधीच्या शाळेचा दाखला नसला तरी चालतं. आपण हा अभ्यासक्रम झेपवण्याइतकं शिकलो आहोत असं उमेदवारानंच लिहून दिलं की पुरतं. दाखला या शब्दाचं मला तेव्हा फार नवल वाटलं. आपल्या भाषेत दाखला म्हणजे शाळेचा कागद, आणि दाखला म्हणजे उदाहरणही. लेकीनं अर्जाखाली सही केली. ती सही करताना तिचं बोट मी बघत होते. शाई केव्हाच गेली होती.

यंदा ज्येष्ठ अधिक आहे. लेक अठराची झाली. दुकानात बसते, मोटरी भरते, संध्याकाळी बारावीच्या पुढचं वाचते. अजूनही अडखळते. समोरचा थांबला तर बोलते, नाही थांबला तरी बोलते. आमचं निवेदन पुन्हा एकदा गेलं आहे, पोच आली आहे, उत्तर नाही. बाई निवृत्त झाल्या. मागच्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा अनारसे तळून झाले होते. निरोपाचं असं काही त्या बोलल्या नाहीत. पिशवीतून एक जुनी रोजनिशी काढून त्यांनी लेकीच्या हातात दिली. पुठ्ठा सुटलेला, कडा पिवळ्या. लेकीनं मधूनच एक पान उघडलं. तिथं तिचं नाव होतं, तारीख होती, आणि बाईंच्या वळणदार अक्षरात एक ओळ होती. पुढच्या पानावर पुन्हा नाव, पुढची तारीख आणि तीच ओळ. अकरा वर्षांच्या एकवीस भेटी, एकवीस वेळा तीच ओळ.

"तक्त्यात जागा नव्हती ना," बाई म्हणाल्या, "म्हणून इथं लिहीत गेले."

लेकीनं ती ओळ मोठ्यानं वाचायला घेतली. पहिल्या अक्षराशी ती अडली, आणि आम्ही दोघीही थांबलो.

"भेट दिली. मूल शिकत आहे."